दारातलं कपाट

चष्म्याच्या दुकानात माणसं चष्म्यासाठी येतात असं आपण समजतो. पण चष्मेवालीच्या दुकानात निम्मी गिऱ्हाइकं तिच्या वडिलांसाठी यायची. वडील जाऊन इतकी वर्षं लोटली तरी लोकांची हौस काही फिटत नव्हती. काडी सैल झालीय म्हणून यायचं, खुर्चीत ऐसपैस बसायचं, आणि ती काडी गरम करून कानामागे वळवत असताना हळूच विचारायचं, की बाई, तुमच्या बाबांच्या त्या मोठ्या रचनेत मधेच जो थांबा येतो, त्यामागचं गुपित काय हो? ती म्हणायची, मान सरळ ठेवा. तेवढ्यावर विषय संपायचा.

थांब्याची भानगड अशी होती. तिचे बाबा नावाजलेले संगीतकार. पियानोवर बसून रचायचे आणि मग मोठ्या वाद्यवृंदाकडून ते वाजवून घ्यायचे. त्यांची सगळ्यात गाजलेली रचना ऐन रंगात आली की एकदम थांबते. सगळी वाद्यं चिडीचूप. बाबांनी कागदावर त्या जागी नुसतं ‘थांबा’ असं लिहून ठेवलंय. किती वेळ थांबायचं, कशासाठी थांबायचं, पुन्हा केव्हा सुरू व्हायचं, काही म्हणजे काही नाही. हयात होते तोवर स्वतःच समोर उभे राहून वाजवून घ्यायचे, त्यामुळे कुणाचं अडत नव्हतं. ते गेले आणि जो तो आपल्या अकलेनं थांबायला लागला. कुणी म्हणे ती मरणाची चाहूल, कुणी म्हणे ती देवाची. एका विद्वानानं तर त्या शांततेवर जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि लिहिता लिहिता डोळ्यांचा नंबर वाढवून घेतला. नवा चष्मा हिनंच करून दिला.

आणि आता गंमत ऐका. ही रचना तिनं स्वतः जन्मात कधी ऐकली नव्हती. रेडिओवर लागली की ती बटण फिरवायची. नवऱ्याला त्यातला एक तुकडा फार आवडायचा, पण बिचारा तो न्हाणीघरात नळ मोठा सोडून शिट्टीवर वाजवायचा. का ऐकत नाहीस, असं त्यानं लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा विचारलं होतं. तिनं असं काही बघितलं की त्यानं पुन्हा नाव काढलं नाही.

तर एका सकाळी दुकानात एक सडपातळ गृहस्थ शिरला. त्याच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती. हिला वाटलं, नेहमीचं गिऱ्हाईक. पण तो खुर्चीत बसेचना. बोलता बोलता फ्रेमांच्या मांडणीला प्रदक्षिणा घातली, आरशांसमोरून गेला, नंबर काढायच्या तक्त्यावरची अक्षरं खालून वर वाचून दाखवली, आणि मग म्हणाला की मी सिनेमा काढतो, आणि सध्या तुमच्या बाबांवर काढतोय.

तिनं कपाळाला आठी घातली. पण हा नेहमीचा जीवनपट नव्हता. जन्मले, शिकले, नाव कमावलं, वारले, असलं काही आपण दाखवणार नाही, असं तो म्हणाला. त्याच्या सिनेमात बाबा आईच्या पोटी जन्मतच नव्हते, तर कपड्यांच्या खणातून मिशीसकट बाहेर यायचे. आजी म्हणजे एप्रन बांधलेलं माणसाएवढं तंतुवाद्य होतं. पियानोचं झाकण उघडलं की आत स्वच्छ पाणी आणि मासे. बाबा बाही वर करून पाण्यात हात घालणार, आणि जो मासा हाताला लागेल तो सूर वाजणार. चष्मेवालीला खरं तर राग यायला हवा होता. पण तिला वाटली उत्सुकता. तिला बालपणापासून पडलेला प्रश्नच होता तो, की बाबांच्या त्या पियानोच्या बंद खोलीत नेमकं चालतं काय. मासे तर मासे, हा निदान दार उघडून आत डोकावत तरी होता.

तिनं त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, दोरा कापला, बारका स्क्रू घालून काडी पक्की केली, आणि मग विचारलं की माझ्याकडे काय काम आहे. तो म्हणाला, काम काहीच नाही, सेट बघायला या. घरच्या माणसांच्या डोळ्यांखालून गेलेलं बरं असतं.

संध्याकाळी घरी येऊन बघते तर घरात आधीच सगळं माहीत. तो गृहस्थ दोन दिवस आधीच येऊन आत्याची मुलाखत घेऊन गेला होता. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. चष्मेवालीची आई लवकर गेली, तेव्हा आत्यानंच तिला वाढवलं, बाबांचं घर सांभाळलं, आणि आता वयाच्या ह्या टप्प्यावर ती भाचीच्या घरात राणीसारखी राहायची. नवऱ्यानं त्या दिग्दर्शकाचं नाव ‘भोवरा’ ठेवून टाकलं होतं, कारण मुलाखतभर तो आत्याच्या खुर्चीभोवती फिरत होता आणि आत्याची मान अवघडली होती.

आत्या मात्र खूश होती. सिनेमात तिला कपाट करणार होते. उंच, शिसवी, पायांवर चालणारं, आतून माणूस बोलणारं कपाट. दुसरं कुणी असतं तर भांडायला उठलं असतं. आत्यानं एवढंच बजावलं की पॉलिश चांगलं करा आणि बिजागऱ्या कुरकुरल्या नाही पाहिजेत. ते कपाट बाबांच्या खोलीच्या दारातच उभं करणार, असं भोवऱ्यानं सांगितलं होतं. आत्या म्हणाली, बरोबर आहे, मी तिथेच असायचे. दादाला कुणी त्रास देऊ नये म्हणून मी नसते तर त्याच्या हातून काय झालं असतं, सांग बरं. तिचं खोटं नव्हतं. भावासाठी तिनं स्वतःचा संसार मांडला नव्हता, आणि त्याबद्दल कुरकुर केलेलीही कुणी ऐकली नव्हती.

सेट शहराबाहेरच्या एका मोठ्या गोदामात लावला होता. चष्मेवाली नवऱ्याला घेऊन गेली, म्हणजे तोच तिला घेऊन गेला म्हणा. त्याचा पाय घरात ठरत नव्हता. आत शिरल्या शिरल्या ती जागच्या जागी उभी राहिली. समोर बाबांची खोली होती. लाकडी जमीन, डावीकडे दार, दारापासून पार उजव्या टोकाला पियानो, स्टूल दाराकडे पाठ करून ठेवलेलं. खिडकीच्या चौकटीला गेलेला तडासुद्धा होता. त्या लोकांनी आत्याला विचारून विचारून एकेक गोष्ट जागेवर आणली होती. आणि एवढं करून छताला एक नाव टांगली होती, भिंतीच्या कोपऱ्यातून गवत वर आलं होतं, आणि पियानोतल्या पाण्यात एक माणूस गुडघ्यावर बसून माशांना खायला घालत होता.

ती सगळीकडे फिरली. पाण्यात बोट बुडवून पाहिलं. कपाटाला हात लावला, तर आतून एका बाईनं नम्रपणे ‘जरा थांबा हं, पाय बदलते’ असं सांगितलं. नवरा पोट धरून हसला. बाबांचं काम करणारा नट भेटला. मिशी चिकटवलेली, चेहरा गरीब. तिनं त्याला विचारलं की तू बाबांचं काही ऐकलंयस का. तो म्हणाला, पाठ आहे. तिला उगाच स्वतःची लाज वाटली.

मग तिनं भोवऱ्याला साधा प्रश्न विचारला. आजी आहे, आत्या आहे, शेजारीपाजारीसुद्धा आहेत. मी कुठे आहे?

भोवऱ्याचं फिरणं थांबलं. त्यानं दाराबाहेरचा पडदा बाजूला केला. पडद्यामागे माणसाच्या उंचीचा पंखा होता. त्यानं खूण केल्यावर कुणीतरी तो चालू केला. दारातून गार झोत आला, कागद उडाले, दिवा विझला, पियानोचं झाकण धाडकन आपटलं आणि मासे तळाशी गेले. नटानं दोन्ही हात वर उचलले आणि मान खाली घातली.

“तो वारा म्हणजे तुम्ही, ताई,” भोवरा म्हणाला. “आत्याबाईंनीच सांगितलं. तुम्ही खोलीत आलात की बाबांचं वाजवणं थांबायचं. त्यातूनच तो थांबा आला, असं माझं म्हणणं आहे. सगळा सिनेमा ह्या वाऱ्यावर उभा आहे.”

चष्मेवालीनं जे कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही, ते हा मनुष्य पंखा लावून दाखवत होता.

लहान असताना बाबांचा चहा नेऊन द्यायचं काम तिचं होतं. आपणहून मागून घेतलेलं. बाबांना कप काठोकाठ भरलेला लागायचा, एक बोटभर कमी चालायचा नाही. तो घेऊन त्या लांबलचक खोलीत चालायचं म्हणजे सर्कसच. ती दारातून आत पाऊल टाकायची, लाकडी फळी करकरायची, आणि बाबांचे हात पियानोवरून वर उचलले जायचे. वाजवणं बंद. त्या शांततेत ती कपावर नजर खिळवून एकेक पाऊल टाकत जायची. न सांडता पोचवायचा, एवढंच डोक्यात. बाबा स्टुलावर वळून कप घ्यायचे, ती पळत सुटायची. एक शब्द नाही. मग एके दिवशी आत्यानं तिला स्वयंपाकघरात जवळ बसवून समजावलं, की पोरी, तू गेलीस की त्याचं वाजवणं थांबतं, मोठं काम चाललंय त्याचं, तू नको जाऊस, मी नेत जाईन. आत्या रागावली नव्हती, उलट केसांवरून हात फिरवत होती. म्हणूनच ते जास्त लागलं. आत्या चहा घेऊन जायला लागली आणि वाजवणं थांबेनासं झालं. दाराबाहेर उभं राहून पोर ते ऐकायची. आपण गेलो की थांबतं, आत्या गेली की चालू राहतं. ह्यातून लेकरानं जे समजायचं ते समजून घेतलं, आणि पुढं जन्मभर बाबांच्या संगीताच्या वाटेला गेली नाही. मैफलींना नाही, सत्काराला नाही. बाबाही असे, की ये म्हणून कधी म्हणाले नाहीत. दोघंही एका माळेचे मणी.

तिनं भोवऱ्याला सरळ सांगितलं की हे काढून टाक. तो अजिजीला आला. म्हणाला, ताई, हा तुमचा मान आहे, तुम्ही नसता तर तो थांबा नसता. ती म्हणाली, माझ्या येण्यानं माझ्या बापाचं काम बंद पडायचं हे तू गावोगाव पडद्यावर दाखवणार, आणि वर मान म्हणतोस? नवरा जाऊन मासे बघत उभा राहिला. त्याला शिट्टी आणि नळ आठवत असणार.

भोवरा वाईट माणूस नव्हता, उतावळा होता. तो म्हणाला की येत्या आठवड्यात खरा वाद्यवृंद येणार आहे, त्याच खोलीत ती रचना वाजणार आहे. एकदा या, ऐका, बघा. त्यानंतरही काढ म्हणालात तर काढतो, शब्द देतो. तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

घरी आल्यावर ती आत्याच्या पलंगाशी बसली. आत्याला पहिली चौकशी कपाटाची. पॉलिश चांगलं आहे, असं सांगितलं. मग चष्मेवालीनं आत्याचा चष्मा काढून घेतला आणि पुसता पुसता, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की मला आत पाठवू नकोस असं बाबा कधी म्हणाले होते का गं?

आत्या म्हणाली, म्हणायला कशाला हवं, डोळ्यांना दिसत होतं ना. मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाली की एकदा त्यानं विचारलं होतं, ही हल्ली येत नाही ती. मी म्हटलं, अभ्यासाला बसते. त्यानं हं केलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

काच पुसायची थांबली. एवढ्या वर्षांत ही गोष्ट आत्याला सांगावीशी वाटली नव्हती, कारण तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पण चष्मेवालीच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. त्रास गेला म्हणून सुटकेचा श्वास टाकणारा माणूस ‘येत नाही ती’ असं विचारेल कशाला? आणि दुसरी गोष्ट तिच्या तेव्हाच ध्यानात आली. बाबा वळून कप घ्यायचे तेव्हा त्यांचा चेहरा कसा असायचा, हे तिला माहीतच नव्हतं. तिचे डोळे कपावर असायचे. चिडलेला असणार, असं तिनं धरून चाललं होतं. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या बाईनं स्वतः एवढं साधं पाहिलं नव्हतं.

वाद्यवृंद आला त्या दिवशी तिनं दुकान बंद ठेवलं. खोलीची समोरची भिंत काढून तिथे सगळे वादक बसवले होते, काही गवतात, काही चक्क पियानोतल्या पाण्यात पाय सोडून. सगळ्यात मागे उंचावर ढोल लावलेले, आणि तिथे एक म्हातारे गृहस्थ. बाबांच्या हाताखाली वाजवलेल्यांपैकी आता ते एकटेच उरले होते. सगळे त्यांना ढोलकाका म्हणायचे. चष्मेवालीला त्यांनी दुरूनच ओळखलं, तुमचं नाक अगदी त्यांचं आहे म्हणाले.

वाजायला लागलं. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले होते. पण पहिल्या काही क्षणांतच पकड सुटली, कारण ते सगळं ओळखीचं होतं. दाराबाहेर उभं राहून तुकड्यातुकड्यानं कानावर आलेलं. नवऱ्याची शिट्टीही त्यात कुठेशी होती. वाढत वाढत गेलं, आणि एकदम थांबलं. पंखा लागला. कागद उडाले. मिशीवाल्या नटानं वादकांना खुणा करायची हातातली काठी खाली टाकली आणि खांदे पाडून मान खाली घातली, जणू कुणी त्याचं सर्वस्व लुटून नेलं.

“असं नव्हतं हो,” मागून ढोलकाका म्हणाले.

भोवऱ्यानं पंखा बंद करायला लावला. ढोलकाका काही भांडत नव्हते, त्यांना नुसतं आठवलं होतं. ते म्हणाले की तिचे बाबा काठी खाली ठेवायचे हे खरं, पण टाकायचे नाहीत, हळूच ठेवायचे. मग डावीकडे वळायचे. नजर जमिनीवर. तिकडून कुणी येत असावं आणि आपण त्याच्या पायांकडे बघत असावं, अशी ती नजर सरकत सरकत जवळ यायची. कधी हळू, कधी फारच हळू. आणि मग गुडघ्यात जरा वाकून दोन्ही हात पुढे करायचे. लोकांना मागून वाटायचं, मान लववतायत. त्यांना पाठच दिसायची ना. हात आम्हा वादकांनाच दिसायचे. ते हात कशासाठी, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला विचारणार कोण? आम्ही समजायचो, त्यांना वरून काही मिळत असेल. हात जवळ आले, की मला खूण व्हायची आणि मी अगदी हलकेच सुरू करायचो.

भोवऱ्याचे डोळे चमकले. मासा, तो पुटपुटला, हातात मासा घेतात. त्यानं ढोलकाकांना खाली बोलावून ते करून दाखवायला सांगितलं.

ढोलकाका खाली आले. काठी ठेवली. डावीकडे वळले. नजर दारापासून सरकत आली. मग म्हातारा गुडघ्यात वाकला आणि त्यानं हात पुढे केले. डावा तळवा पसरट, खाली आधाराला धरल्यासारखा. उजव्या हाताची बोटं चिमटीत, बाजूला. आणि हात कमरेच्याही खाली, एखाद्या लहान मुलाच्या छातीएवढ्या उंचीवर.

चष्मेवाली उठून उभी राहिली. आपण उभ्या राहिलो हेही तिला कळलं नाही. त्या खोलीत तेवढी माणसं होती, मरण, देव आणि मासे घेऊन बसलेली, आणि तिला मात्र त्या रिकाम्या हातांत बशी दिसत होती, कपाचा कान दिसत होता.

“काका,” ती म्हणाली, “तेव्हा बाबांचा चेहरा कसा असायचा?”

ढोलकाकांनी आठवलं. “हसायचे की,” ते म्हणाले. “तेवढ्यापुरतंच. एरवी तो माणूस कुठे हसायचा.”

रडू यायला वेळ लागला नाही. ती भर सगळ्यांत रडली, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. नवरा धावत आला, त्यालाही काय झालं ते कळेना. रडता रडता तिला बाबांचा असा राग आला म्हणता. अरे भल्या माणसा, एवढा वाद्यवृंद गप्प बसवलास, एवढं सभागृह ताटकळत ठेवलंस, त्यापेक्षा दाराबाहेर येऊन ‘पोरी, चहा तूच आण’ एवढं बोलायला तुझं काय जात होतं? गावोगाव जाऊन जिची वाट पाहिलीस ती घरात भिंतीपलीकडे बसली होती.

नाक पुसून तिनं भोवऱ्याला सांगितलं की मला एक कप चहा दे. तो बिचारा माणूस पाठवून पाणी मागवायला लागला, बसा बसा म्हणाला. ती म्हणाली, मला प्यायला नको आहे. काठोकाठ भरून दे.

कधी नव्हे तो भोवरा काही न विचारता गेला आणि स्वतः चहा घेऊन आला. तोवर कॅमेरे लागले. पंखा ढकलून कोपऱ्यात नेला. ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली, हातात कपबशी, आणि आत ती रचना पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. बाहेरून ऐकायची तिला सवयच होती. थांबा आला. सगळं गप्प झालं.

दारात कपाट होतं. चष्मेवालीनं अंग चोरलं, कप उंच धरला आणि त्याच्या बाजूनं कशीबशी आत शिरली. पहिल्याच पावलाला फळी करकरली. ती दचकली, पण थांबली नाही. आता तिचे गुडघे कुरकुरत होते, हातही पूर्वीसारखे स्थिर नव्हते. चहा कपाच्या काठावर थरथरत होता. वादक वाट बघत होते. कुणी खोकलं नाही, कुणी पान उलटलं नाही. तिला वाटलं, आपल्याला फार वेळ लागतोय, आणि मग तिच्या लक्षात आलं की लागला तरी चालणार आहे. हा सगळा वेळ तिलाच देऊन ठेवलेला होता.

अर्ध्या वाटेत तिनं धाडस करून कपावरची नजर उचलली. समोर बाबा नव्हते, मिशी चिकटवलेला एक परका पोरगा होता. पण ढोलकाकांनी शिकवल्याप्रमाणे तो गुडघ्यात वाकला होता, हात पुढे केले होते, आणि हसत होता. चहा थोडा बशीत सांडला. त्यानं कप घेतला, आणि मागून ढोल अगदी हलकेच वाजायला लागला.

लहानपणी ती इथून पळत सुटायची. ह्या वेळी गेली नाही. स्टुलाशेजारी गवतावर बसली आणि पुढचं सगळं ऐकलं. भोवरा नंतर म्हणाला की छताची नाव आणि मासे राहू देतो, ते मला आवडतात, पण वारा काढला. तिनं मासे राहू दे म्हटलं. तिलाही आता ते आवडायला लागले होते.

घरी पोचली तेव्हा आत्या संध्याकाळच्या उन्हात खिडकीशी बसून होती. नवरा आल्या आल्या सगळं सांगायला तोंड उघडणार होता, त्याला तिनं डोळ्यांनीच दटावलं. तो न्हाणीघरात गेला. नळ सोडल्याचा आवाज आला नाही, नुसती शिट्टी आली.

आत्यानं विचारलं, आज काय केलंस तिथे?

“बाबांना चहा दिला,” चष्मेवाली म्हणाली.

आत्यानं चष्मा सारखा केला. “मग? थांबला वाजवायचा?”

“थांबले. मी पोचेपर्यंत थांबले. कप हातात घेतला आणि मग सुरू केलं.” आणि मग तिनं ढोलकाकांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, वाकणं, हात, हसणं. आवाज चढवला नाही, दोषही दिला नाही. कपाटाच्या बाजूनं अंग चोरून जावं लागलं, हे मात्र हसत हसत सांगितलं, आणि उद्या तेच पुन्हा दुसऱ्या बाजूनं घेणार आहेत म्हणून पुन्हा जायचंय, हेही सांगितलं.

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आत शिट्टी थांब्यापाशी येऊन थांबली, आणि बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाली. चष्मेवाली दिवा लावायला उठली, तेव्हा आत्यानं तिचा हात धरला.

“त्या तुझ्या भोवऱ्याला सांग,” आत्या म्हणाली, “ते कपाट दारातून जरा बाजूला घे म्हणावं.”